पाच एचपी घेऊ की साडेसात? वर्कशॉपमधल्या हवेचा हिशोब



"सर, नवीन शॉप टाकतोय. कॉम्प्रेसर पाच एचपीचा घेऊ की साडेसातचा?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. मी उलट विचारतो, "तुम्हाला हवा किती लागणार?" मग पलीकडे शांतता. मशीनचा टेबल साइज पाठ असतो, स्पिंडलचा आरपीएम पाठ असतो, बँकेचा हप्ता तर झोपेतही सांगतील. हवेचं मात्र असं असतं की डीलरने जे दिलं ते कोपऱ्यात ठेवलं, पाईप जोडला, झालं काम.

मी बीबीए केलेला माणूस, इंजिनीअर नाही. त्यामुळे शॉपमध्ये शिरलो की मला आधी लाईट बिल दिसतं आणि मग मशीन दिसतं. बिलाच्या बाजूने बघितलं तर कॉम्प्रेसर हे शॉपमधलं सगळ्यात खादाड जनावर आहे. व्हिडिओमध्ये मी टाकी उघडून, पाईप दाखवून सांगितलंय. इथे आकडेमोड सविस्तर देतोय, कारण व्हिडिओ थांबवून थांबवून आकडे लिहून घेणं अवघड जातं असं बऱ्याच जणांनी कळवलं.

हवा फुकट नसते, विकत घ्यावी लागते

बाहेरची हवा फुकट. ती दाबून सात केजीला न्यायची म्हणजे वीज लागते, आणि त्यातली बहुतेक वीज उष्णता होऊन उडून जाते. कॉम्प्रेसरच्या हेडला हात लावून बघा (लावू नका, भाजेल). ती जी गरमी आहे, ते तुमचे पैसे आहेत. शंभर रुपयांची वीज दिली, तर हवेच्या हत्यारातून प्रत्यक्ष काम म्हणून जेमतेम दहा-पंधरा रुपयांचं परत येतं.

आता हिशोब मांडू. पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट. मोटरचा स्वतःचा लॉस धरला तर लोडवर चालताना तासाला साधारण ४.४ युनिट ओढते. युनिटचा दर मी ९ रुपये धरतो, तुम्ही तुमच्या बिलावरचा धरा. म्हणजे लोडवरचा एक तास ४० रुपयांना पडला. आठ तासांची एक शिफ्ट, त्यात सत्तर टक्के वेळ कॉम्प्रेसर लोडवर, महिन्याला २६ दिवस: ५,८०० रुपयांच्या आसपास. वर्षाला ७० हजाराच्या घरात. आता तुमच्याकडे आलेलं कॉम्प्रेसरचं कोटेशन काढा आणि हा आकडा त्याच्या शेजारी लिहा. मशीन एकदाच विकत घेता, वीज दर वर्षी घेता. म्हणून दोन-तीन हजार स्वस्त मिळतोय म्हणून कुठलाही कॉम्प्रेसर उचलणं हा व्यवहार मला पटत नाही.

एचपी बघू नका, एफएडी बघा

शॉपला एचपी लागत नाही, हवा लागते. हवा मोजतात सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे एक गोम आहे. पिस्टन कॉम्प्रेसरच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात जो सीएफएम छापलेला असतो, तो बऱ्याचदा डिस्प्लेसमेंट असतो. म्हणजे पिस्टन वरखाली होताना जितकी जागा व्यापतो ती. प्रत्यक्षात त्यातली साधारण पासष्ट ते पंचाहत्तर टक्केच हवा टाकीत पोहोचते. जी पोहोचते तिला म्हणतात एफएडी, फ्री एअर डिलिव्हरी. डीलरला विचारायचा प्रश्न हाच: "साहेब, सात केजीला एफएडी किती?" पाच एचपीला १५-१६ सीएफएम सांगितलं तर ठीक, २२ सांगितलं तर तो तुम्हाला डिस्प्लेसमेंट वाचून दाखवतोय.

आता तुमची गरज काढू. समजा एक व्हीएमसी आहे. तिला टूल क्लॅम्प-अनक्लॅम्प, स्पिंडलचा एअर पर्ज यासाठी हवा लागते. आकडा मशीनच्या मॅन्युअलमध्ये असतो, आपण उदाहरणाला ५ धरू. दोन एअर गन आहेत. दोन मिलीमीटर नोझलची गन सहा केजीला चालू असताना सात-आठ सीएफएम खाते. पण ती सतत दाबलेली नसते, वेळेचा पाव भाग धरला तर दोन्ही मिळून ४. शिवाय फेटलिंगला एक हवेवरचा ग्राइंडर आहे. तो चालू असताना १५-१६ सीएफएम ओढतो. दिवसाचा तीसेक टक्के वेळ चालतो म्हणजे सरासरी ५. एकूण झाले १४.

पिस्टन कॉम्प्रेसर दिवसभर सतत लोडवर पळण्यासाठी बनवलेला नसतो. त्याला मधे श्वास घ्यायला वेळ लागतो, नाहीतर हेड तापतं, व्हॉल्व्हवर कार्बन चढतो. साधारण सत्तर टक्क्यांच्या वर लोड जाऊ देऊ नका. म्हणजे १४ भागिले ०.७, झाले २०. पाच एचपीत बसत नाही, साडेसात घ्यावा लागतो.

आता त्यातून हवेचा ग्राइंडर काढा आणि साधा विजेचा चार इंची ग्राइंडर घ्या. तो पाऊण-एक किलोवॅटमध्ये तेच काम करतो. हवेच्या ग्राइंडरला हवा पुरवायला कॉम्प्रेसर चार किलोवॅटपेक्षा जास्त जाळतो. गरज उरली ९. भागिले ०.७, झाले १३. पाच एचपीचे १५-१६ पुरून वर थोडी हवा उरते.

म्हणजे पाच की साडेसात, ह्या प्रश्नाचं उत्तर एका ग्राइंडरवर ठरलं. हवेवरच्या हत्याराला माझा विरोध नाही. ओल्या जागेत शॉकची भीती नसते, वजनाला हलकं असतं, तासन्‌तास चालवलं तरी जळत नाही. जिथे हे फायदे खरोखर लागतात तिथे वापरा. पण "कॉम्प्रेसर आहेच, तर सगळं हवेवर करू" हे गणित उलटं आहे.

स्क्रू कॉम्प्रेसर कधी घ्यायचा? हवेची गरज सतत असेल, दोन शिफ्ट असतील, तीन-चार सीएनसी एकत्र चालत असतील तर. स्क्रू सतत चालायलाच बनवलाय. त्याला कमी काम दिलं तर उलट त्रास होतो: पुरेसा गरम होत नाही, तेलात पाणी साठतं, तेल दुधासारखं पांढुरकं होतं. एका मशीनसाठी स्क्रू घेऊन त्याला दिवसभर झोपवून ठेवू नका.

जुना घेताय? घड्याळ लावा

जुना कॉम्प्रेसर घ्यायला हरकत नाही, फक्त रंगावर जाऊ नका. नवा स्प्रे मारून विकायला ठेवलेले पुष्कळ असतात. जाताना मोबाईलचं स्टॉपवॉच पुरे.

टाकी पूर्ण रिकामी करायला सांगा. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद. मशीन चालू करा आणि शून्य ते सात केजीला किती वेळ लागला ते मोजा. टाकीचे लिटर गुणिले सात, भागिले मिनिटं, म्हणजे मिनिटाला किती लिटर हवा भरली ते येतं. त्याला २८.३ ने भागा, सीएफएम मिळाले.

२२० लिटरची टाकी असेल तर २२० गुणिले ७ म्हणजे १,५४० लिटर. साडेतीन मिनिटांत भरली तर ४४० लिटर, म्हणजे साडेपंधरा सीएफएम. पाच एचपीला उत्तम. साडेचार मिनिटं लागली तर १२ सीएफएम, म्हणजे रिंग, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट गेलंय. भाव त्या हिशोबाने करा, नाहीतर सोडून द्या.

टाकीच्या बुडाला नीट हात फिरवा. गंजाचे पापुद्रे, खड्डे किंवा कुठे वेल्डिंगचा थिगळ दिसला तर विषय तिथेच संपला. मग तो फुकट मिळाला तरी नको. टाकीची नेमप्लेट नसेल, तरीही नको.

हीच भरण्याची वेळ नवा कॉम्प्रेसर बसवला त्या दिवशी मोजा आणि ऑइल पेंटने टाकीवर लिहून ठेवा: "० ते ७, ३ मि. ३० से." दर तीन महिन्यांनी परत मोजा. चार मिनिटांवर गेली की मिस्त्रीला बोलवा. ह्याच्याइतकी सोपी तब्येत तपासणी दुसरी नाही.

कुठे ठेवायचा

बहुतेक शॉपमध्ये जागा उरली तिथे, म्हणजे भिंतीला चिकटून, ग्राइंडिंगच्या शेजारी. दोन्ही चूक. पिस्टन कॉम्प्रेसरचं मोठं चाक हाच त्याचा पंखा असतो. त्याला भिंतीपासून दीड-दोन फूट तरी मोकळं हवं. चाकावर बाण असतो, त्याच दिशेने फिरतंय ना हे बघा. लाईनचं काम झाल्यावर कधी कधी फेज उलटतात. पिस्टनवाला उलटा फिरूनही हवा भरत राहतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण पंख्याची हवा सिलिंडरवर पडत नाही आणि मशीन तापून मरतं. स्क्रूला तर उलटं फिरणं मिनिटभरही चालत नाही, म्हणून त्याला फेज रिले असतो. तो बायपास करू देऊ नका.

आत जाणारी हवा जितकी थंड आणि स्वच्छ तितकं बरं. दर चार अंश जास्त गरम हवेला वीज साधारण एक टक्का जास्त जाते. मे महिन्यात पत्र्याखाली आणि बाहेर सावलीत किती फरक असतो ते आपल्याला माहीत आहे. मागच्या भिंतीबाहेर छोटं छप्पर, जाळी आणि कुलूप केलं की आवाजही शॉपमधून गेला.

पाणी

आता खरा शत्रू. आमच्याकडे कोल्हापुरात जुलैमध्ये हवा पिळली तर पाणी पडेल अशी असते, आणि कॉम्प्रेसर तेच करतो, हवा पिळतो. ३० अंशाला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये जवळपास ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. दमटपणा पंचाहत्तर टक्के धरला तरी २२-२३ ग्रॅम. तुम्ही असे आठ घनमीटर दाबून एका घनमीटरात कोंबले. पाणी सगळं आत आलं, पण हवा थंड झाल्यावर एवढं पाणी वाफ म्हणून धरायला जागाच नाही. ते टाकीत आणि पाईपात टपटपतं.

आपला पाच एचपीवाला दिवसात सहा तास लोडवर पळाला तर दीडशे घनमीटर हवा ओढतो. पावसाळ्यात त्यातून अडीच लिटरच्या आसपास पाणी निघतं. रोज! थम्सअपची मोठी बाटली भरून वर उरेल एवढं. ते तुम्ही ड्रेन कॉकमधून काढलं नाहीत तर कुठे जाईल? मशीनमध्ये.

आमच्या लाईनमधल्या एका शॉपमध्ये पावसाळ्यात व्हीएमसीचा टूल चेंज अडकायला लागला. आधी प्रोग्रॅमवर संशय, मग सेन्सरवर. शेवटी सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडला तर आत चहासारखं पाणी आणि गंजाचा चिखल. व्हॉल्व्ह बदलला, दोन दिवस मशीन उभी, आणि ज्या पार्टीचा माल होता तिने पुढचा लॉट दुसरीकडे दिला. व्हॉल्व्हवर निभावलं हे नशीब. एअर पर्जच्या वाटेने पाणी स्पिंडलच्या बेअरिंगपर्यंत गेलं असतं तर खर्चाला आणखी एक शून्य लागलं असतं. प्लाझ्मा कटिंगवाल्यांना हे पाणी वेगळ्या रूपात भेटतं: नोझल आणि इलेक्ट्रोड भराभर संपतात, कट फाटका येतो, आणि दोष "डुप्लिकेट कन्झ्युमेबल"ला दिला जातो.

उपाय महाग नाहीत. टाकीचा ड्रेन रोज. संध्याकाळी प्रेशर एक-दोन केजीवर आलं की कॉक उघडायचा, म्हणजे उरलेली हवा पाण्याला ढकलून काढते. पावसाळ्यात जेवणाच्या सुट्टीतही एकदा. कोणी करायचं त्याचं नाव ठरवा. "सगळ्यांनी बघा" म्हणजे कोणीच बघत नाही. निघालेल्या पाण्यात तेल असतं, ते गटारात सोडू नका; कॅनमध्ये साठवा, तेल वर तरंगतं, वेगळं करता येतं.

दुसरा उपाय पाईपमध्येच आहे. मेन लाईनला हवेच्या प्रवाहाच्या दिशेने उतार द्या, दर मीटरला एक सेंटिमीटर. शेवटच्या टोकाला खाली पाय काढून त्याला ड्रेन कॉक. आणि मशीनसाठी फाटा घेताना मेन पाईपच्या वरच्या बाजूने घ्या, हंसाच्या मानेसारखा वर नेऊन मग खाली. पाणी पाईपच्या तळाने वाहतं, वरून घेतलेल्या फाट्यात ते शिरत नाही. प्लंबर घरगुती पाण्याच्या सवयीने खालून टी मारतो, म्हणून त्याच्या जवळ उभं राहून काम करून घ्या. जमलं तर लाईन गोल फिरवून परत जोडा, रिंग मेन करा. दोन्ही बाजूंनी हवा येते आणि लांबच्या मशीनला प्रेशर कमी पडत नाही.

पाईप जीआय किंवा अॅल्युमिनियमचा. पाच-साडेसात एचपीला मेन लाईन एक इंची ठेवा, अर्ध्या इंचीत वाचवलेले पैसे प्रेशर ड्रॉपमध्ये जातात. पीव्हीसी मुळीच नाही. पाण्याचा पीव्हीसी पाईप दहा केजीचा लिहिलेला असतो हे मला माहीत आहे, तरीही नाही. पाण्याने फुटला तर गळतो. हवेने फुटला तर काचेसारखे तुकडे होऊन उडतात, आणि पाईप बहुतेक वेळा डोक्याच्या उंचीवरून गेलेला असतो.

हे सगळं करूनही पाणी येत असेल तर रेफ्रिजरेटेड ड्रायर. तो हवा तीन अंशांच्या आसपास थंड करतो, पाणी तिथेच सांडतं. व्हीएमसी असेल आणि तुम्ही दमट भागात असाल तर मशीनसोबतच त्याचं कोटेशन घ्या. मशीनजवळच्या एफआरएलची वाटीही रोज बघायची. त्यातला तेल सोडणारा भाग इम्पॅक्ट रेंच, सिलिंडर अशा गोष्टींसाठी असतो. पेंट आणि प्लाझ्माच्या लाईनवर तो नको. व्हीएमसीला मॅन्युअल सांगेल तेच.

रविवारची परीक्षा

शॉप बंद, सगळं शांत. कॉम्प्रेसर चालू करून टाकी सातवर न्या आणि मेन स्विच बंद करा. मशीनपर्यंतचे सगळे व्हॉल्व्ह उघडे, पण हवा कोणी वापरत नाही. आता सातवरून पाचवर यायला किती मिनिटं लागतात ते बघा. टाकीचे लिटर गुणिले दोन, भागिले मिनिटं. २२० लिटरची टाकी दहा मिनिटांत खाली आली तर मिनिटाला ४४ लिटर, म्हणजे दीड सीएफएम गळती. १६ च्या मशीनला हे जवळपास दहा टक्के, चालवून घेऊ. तीन मिनिटांत आली तर पाच सीएफएम. तुमचा एक तृतीयांश कॉम्प्रेसर फक्त गळतीसाठी राबतोय.

सात केजीला एक मिलीमीटरचं भोक साधारण दोन सीएफएम सोडतं. वरच्याच दराने तासाला पाच रुपये, महिन्याला हजारभर. आणि तीन मिलीमीटरचं एकच भोक पाच एचपीचा अख्खा कॉम्प्रेसर गिळू शकतं. भोक म्हणजे खरोखरचं भोक नव्हे. क्विक कपलरची झिजलेली रिंग, पीयू ट्यूबचा तिरका कापलेला तोंडाचा भाग, टेफ्लॉन न लावलेला निपल, अर्धवट बसणारा गनचा ट्रिगर. रविवारी सगळं शांत असताना फुसफुस कानाला ऐकू येते. जिथे ऐकू येत नाही तिथे साबणाचं पाणी आणि ब्रश. सापडलेल्या जागेला लाल चिंध्या बांधत जा. माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त चिंध्या शेवटच्या दोन मीटरमध्ये, म्हणजे होज आणि कपलरवरच निघतात. दुरुस्तीचं सामान दोन-चारशे रुपयांचं.

आणि रोज घरी जाताना टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद. स्विच चालूच राहिला तर रात्रभर गळती भरायला मशीन उठतं-बसतं, शेजारच्या वॉचमनला विचारा.

प्रेशरचंही तेच. कुठे कमी पडलं की प्रेशर स्विचचा स्क्रू पिळून नऊ-दहा केजी करायचं, ही आपली आवडती दुरुस्ती. एक केजी वाढवलं की वीज सहा-सात टक्के जास्त, आणि त्याच भोकातून गळतीही जास्त. मशीनला सहा लागत असेल तर टाकीत साडेसहा ते आठ पुरतं. टाकीत आठ आणि मशीनवर साडेपाच दिसत असेल तर दोष प्रेशरचा नसतो. पाईप बारीक आहे किंवा फिल्टर चोंदलाय.

देखभाल थोडक्यात

एअर फिल्टर आठवड्याला काढून झटका, जवळ फाउंड्री असेल तर दोनदा. तेलाची पातळी रोज काचेतून. तेल कॉम्प्रेसरचंच घाला. पिस्टनला बहुतेक वेळा व्हीजी १०० आणि स्क्रूला व्हीजी ४६, पण मॅन्युअल सांगेल ते खरं. मोटारसायकलचं इंजिन ऑइल घालू नका. त्यातली मिश्रणं पाणी धरून ठेवतात आणि व्हॉल्व्हवर कार्बन करतात. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला तर एक सेंटिमीटरभर दबावा.

एक आवाज ओळखायला शिका. मशीन बंद होताना दोन सेकंद "फुस्स" होतं, ते बरोबर आहे, हेडमधली हवा सोडली जाते. पण बंद असतानाही प्रेशर स्विचजवळून सतत फुसफुस येत असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेलाय, टाकीतली हवा उलटी येतेय. मग पुढच्या वेळी मोटर भरलेल्या हेडवर सुरू होते, गुरगुरते, ट्रिप मारते. पुष्कळ जण इथे मोटर रिवाइंडिंगला पाठवतात. आधी तो छोटा व्हॉल्व्ह उघडून साफ करा.

टाकी आणि माणसं

सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून बघा, हवा सुटली पाहिजे. गळतो म्हणून त्याच्या जागी बोल्ट मारलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. प्रेशर स्विच चिकटला की त्या टाकीला थांबवणारं मग काहीच उरत नाही. टाकी आतून, तळाकडून गंजते, बाहेरून दिसत नाही. म्हणून ठरलेल्या मुदतीत सक्षम व्यक्तीकडून तपासणी आणि हायड्रो टेस्ट करून घ्या. १९४८ च्या कारखाना कायद्यात प्रेशर प्लांटच्या सुरक्षेसाठी कलम ३१ वेगळं लिहिलं गेलं, ते उगाच नाही. टेस्ट पाणी भरूनच करतात, कारण पाण्याने टाकी फुटली तर भिजायला होतं, हवेने फुटली तर पत्रा बॉम्बसारखा जातो.

आणि एअर गन. शिफ्ट संपली की पोरं गनने कपडे झाडतात, हे तुमच्या शॉपमध्येही चालत असेल. आजपासून बंद. चामडीवर जखम असेल तर हवा आत शिरते, कानाचा पडदा फाटतो, चिप डोळ्यात जाते. अमेरिकेत सफाईसाठी ३० पीएसआय, म्हणजे दोन केजीची मर्यादा नियमानेच घातलीय. गनच्या लाईनला वेगळा रेग्युलेटर लावा आणि दोनवर ठेवा, चष्मा सक्तीचा करा. चिप्स काढायला आधी ब्रश वापरा. गनने बारीक चिप्स उलट स्लाइडच्या वायपरखाली घुसतात.

"गंमत" म्हणून सहकाऱ्याच्या मागून गन लावण्याचे प्रकार आपल्या देशात घडलेत, आतडी फुटून माणसं मेली आहेत, करणारे तुरुंगात गेलेत. नवीन पोरगा कामावर आला की पहिल्या दिवशी, मशीन दाखवायच्या आधी, हे स्पष्ट शब्दांत सांगा. लाजू नका. आणि कोणी गन माणसाकडे रोखली तर दुसरी संधी द्यायची नाही, हा माझ्या शॉपचा नियम आहे.

रेटमध्ये हवा धरलीय का?

जॉबवर्कचा ताशी रेट काढताना मशीनचा हप्ता, ऑपरेटर, टूलिंग, मशीनची वीज धरतात. कॉम्प्रेसरचं बिल "इतर खर्च" म्हणून हवेत सोडून देतात. दोन मशीनचं शॉप धरा. महिन्याला ४१६ मशीन-तास, त्यातले सत्तर टक्के प्रत्यक्ष विकले जातात, म्हणजे २९० तास. हवेची वीज ५,८००. तेल, फिल्टर, घसारा यांचे २,००० धरले तर ७,८००. भागिले २९० म्हणजे तासाला २७ रुपये. एक-एक मिलीमीटरच्या तीन गळत्या बंद केल्या की त्यातले अकरा रुपये कमी होतात. पार्टी रेटसाठी पाच-पाच रुपयांवर घासाघीस करते तेव्हा हे अकरा रुपये तुमच्या हातात असलेले बरे.

तुमच्या कॉम्प्रेसरचा एचपी, टाकीचे लिटर, शून्य ते सात भरायची वेळ आणि रविवारच्या परीक्षेची मिनिटं, एवढे चार आकडे लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत पाच शॉपचे असेच आकडे घेऊन कुणाला ड्रायर लागतो आणि कुणाला नुसता ड्रेन कॉक पुरतो ते दाखवणार आहे.